थांबवायला एक पत्र. सावरायला पाच वर्षेही अपुरी

करोनाची साथ ब्रिटनमध्ये वेगाने पसरू लागली, तेव्हा १७ मार्च २०२० रोजी तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या, म्हणजेच ‘एनएचएस’च्या इंग्लंडमधील धुरिणांनी सर्व सरकारी रुग्णालयांना एक पत्र धाडले. तातडीच्या नसलेल्या सर्व नियोजित शस्त्रक्रिया उशिरात उशिरा १५ एप्रिलपासून किमान तीन महिने पुढे ढकलाव्यात आणि सुमारे एक लाख खाटांपैकी ३० हजार खाटा करोनाच्या रुग्णांसाठी मोकळ्या कराव्यात, असा त्याचा आशय होता. तीनच दिवसांनी, २० मार्च रोजी, भारताच्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही अत्यावश्यक नसलेल्या नियोजित शस्त्रक्रिया लांबणीवर टाकण्याची सूचना देशभरातील रुग्णालयांना केली. त्या घडीला दोन्ही निर्णयांविषयी फारशी कुरकुर झाली नाही, आणि ती होण्याचे कारणही नव्हते.

इंग्लंडमध्ये त्या पत्रातील तीन महिन्यांचा विराम मात्र तीन महिन्यांत संपला नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये तेथील प्रतीक्षायादीवर सुमारे ४६ लाख नोंदी होत्या. सप्टेंबर २०२३ मध्ये त्या ७७ लाख ७० हजारांवर पोहोचल्या. त्यानंतर दोन वर्षे कसोशीने प्रयत्न होऊनही २०२५ मध्ये हा आकडा ७३-७४ लाखांच्या आसपासच रेंगाळत राहिला. यादी वाढायला जेवढा वेळ लागला, त्याहून कितीतरी अधिक ती कमी व्हायला लागतो आहे. असे का होते, याचे उत्तर केवळ इंग्लंडपुरते मर्यादित नाही.

मुळात ‘नियोजित’ या शब्दानेच बराच गैरसमज होतो. मराठीत त्यासाठी अनेकदा ‘ऐच्छिक’ असाही शब्द वापरला जातो आणि त्यातून जणू ही शस्त्रक्रिया म्हणजे रुग्णाची हौस आहे, असे सूचित होते. प्रत्यक्षात या सदरात मोतीबिंदू येतो, हर्निया येतो, पित्ताशयातील खडे येतात, झिजलेला खुबा आणि गुडघा येतो, गर्भाशयातील गाठी येतात. यांपैकी कोणतीही व्याधी आज रात्री जीव घेईल अशी नसते; परंतु ती जागच्या जागी थांबूनही राहत नाही. खडा सरकून स्वादुपिंडाचा दाह होतो, हर्नियात आतडे अडकते, आणि कालपर्यंत ‘नियोजित’ असलेला रुग्ण मध्यरात्री तातडीच्या विभागात येतो. अस्थिशल्यविशारदांनी ब्रिटनमध्ये २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात याची दुसरी बाजू दिसते. खुब्याचा किंवा गुडघ्याचा सांधा बदलून घेण्यासाठी थांबलेल्यांपैकी ज्यांचे जीवनमान मापनपट्टीवर ‘मृत्यूपेक्षाही वाईट’ या गटात मोडते, अशांचे प्रमाण साथीच्या काळात जवळजवळ दुप्पट झाले होते. प्रतीक्षा म्हणजे नुसता वेळ जाणे नव्हे. तो आजाराचाच एक भाग असतो.

शस्त्रक्रिया थांबवण्याचा निर्णय चुकीचा होता, असा याचा अर्थ नाही. अतिदक्षता विभाग, व्हेंटिलेटर आणि भूलतज्ज्ञ यांची गरज करोनाच्या रुग्णांनाही होती आणि शस्त्रक्रियेच्या रुग्णांनाही. शिवाय धोका रुग्णालाच अधिक होता. ‘कोविडसर्ज’ या आंतरराष्ट्रीय गटाने मे २०२० मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, शस्त्रक्रियेच्या आगेमागे करोनाची लागण झालेल्या १,१२८ रुग्णांपैकी जवळपास २४ टक्के रुग्ण ३० दिवसांच्या आत दगावले होते. त्यांत तातडीच्या शस्त्रक्रिया बहुसंख्य होत्या हे खरे. तरीही आकडा धास्ती वाटावी असाच होता. लागण झाल्यानंतर शक्य तिथे किमान सात आठवडे शस्त्रक्रिया करू नये, हा पुढे जगभर स्वीकारला गेलेला दंडकही याच गटाच्या २०२१ मधील अभ्यासातून आला.

याच गटाने आणखी एक हिशेब मांडला होता. साथीचा जोर असलेल्या बारा आठवड्यांत जगभरात सुमारे दोन कोटी ८४ लाख नियोजित शस्त्रक्रिया रद्द होतील वा पुढे ढकलल्या जातील, आणि त्यांतील ५ लाख ८० हजारांहून अधिक भारतातील असतील, असा तो अंदाज होता. सगळ्या देशांनी नेहमीपेक्षा २० टक्के अधिक शस्त्रक्रिया केल्या, तरी हा अनुशेष भरून काढायला साधारण ४५ आठवडे लागतील, असेही त्यात म्हटले होते. कागदावर हे गणित बिनचूक होते. अडचण होती ती त्या ‘२० टक्के अधिक’ या शब्दांत. जी रुग्णालये साथीपूर्वीच काठोकाठ भरलेली होती, त्यांनी नेहमीपेक्षा अधिक काम करायचे कोठे आणि कोणाच्या हातून?

इंग्लंडमध्ये हा प्रश्न विशेष तीव्र होता. फॅमिली डॉक्टरने तज्ज्ञाकडे पाठवल्यापासून १८ आठवड्यांच्या आत उपचार सुरू होणे हा तेथील रुग्णाचा मान्य हक्क आहे आणि किमान ९२ टक्के रुग्णांच्या बाबतीत तो पाळला जावा, असे उद्दिष्ट आहे. हे उद्दिष्ट शेवटचे गाठले गेले ते फेब्रुवारी २०१६ मध्ये, म्हणजे करोनाच्या चार वर्षे आधी. २०१० च्या सुमारास २५ लाखांच्या आसपास असलेली यादी साथीपूर्वीच जवळपास दुप्पट झाली होती. साथीने रांग निर्माण केली नाही. आधीच लांबलेल्या रांगेचा दोर तिने तोडला, इतकेच.

पहिल्या काही महिन्यांत मात्र एक विचित्र गोष्ट घडली. शस्त्रक्रिया बंद असतानाही यादी आटली आणि २०२० च्या मध्यास ती ३९ लाखांच्याही खाली आली. कारण उघड होते. लोक घराबाहेर पडत नव्हते, डॉक्टरांकडे जात नव्हते, आणि त्यामुळे नवी नावे यादीवर चढतच नव्हती. त्याच काळात यादीच्या शेपटाकडे काय चालले होते ते पाहिले, तर खरे चित्र दिसते. वर्षाहून अधिक काळ थांबलेले रुग्ण फेब्रुवारी २०२० मध्ये सुमारे १,६०० होते. मार्च २०२१ मध्ये ते ४ लाख ३६ हजार झाले. यादीची लांबी आणि रुग्णांचे हाल या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हा त्यातला पहिला धडा होता.

शस्त्रक्रिया पुन्हा सुरू करण्याचे पहिले आदेश एप्रिल २०२० च्या अखेरीसच निघाले. पण दार उघडले म्हणून वर्दळ पूर्ववत होत नाही. शस्त्रक्रियेपूर्वी विलगीकरण आणि चाचणी, करोनाच्या रुग्णांपासून वेगळे मार्ग आणि वेगळे कक्ष, प्रत्येक शस्त्रक्रियेनंतर हवा स्वच्छ होईपर्यंतचा थांबा, अंगावर संरक्षक पोशाख, या सगळ्यांत दिवसाकाठी होणाऱ्या शस्त्रक्रियांची संख्या घटली. मग आधी कोणाला घ्यायचे, हे ठरवणे भाग पडले. शल्यविशारदांच्या महाविद्यालयांनी त्यासाठी चार पायऱ्या आखल्या. पहिल्या पायरीवरच्या रुग्णाला ७२ तासांच्या आत शस्त्रक्रिया हवी, दुसरीवरच्याला महिन्याभरात, तिसरीवरच्याला तीन महिन्यांत, आणि चौथीवरचा त्याहून अधिक काळ थांबू शकेल. कर्करोगाचे बरेचसे रुग्ण दुसऱ्या पायरीवर आले. ही विभागणी वैद्यकीयदृष्ट्या योग्यच होती. मात्र चौथ्या पायरीवरचा, काठी टेकत चालणारा वृद्ध प्रत्येक लाटेत पुन्हा मागे ढकलला गेला. त्याच्यापुढे नेहमीच कोणी ना कोणी अधिक गरजू होते.

फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारने अनुशेष हटवण्याची सविस्तर योजना जाहीर केली, तेव्हा म्हणूनच सर्वाधिक काळ थांबलेल्यांवर भर दिला गेला. दोन वर्षांहून अधिक थांबलेल्यांची प्रतीक्षा जुलै २०२२ पर्यंत, दीड वर्षाहून अधिक थांबलेल्यांची एप्रिल २०२३ पर्यंत, ६५ आठवडे उलटलेल्यांची मार्च २०२४ पर्यंत आणि वर्षाहून अधिक थांबलेल्यांची मार्च २०२५ पर्यंत संपवायची, असे टप्पे ठरले. तीन वर्षांसाठी आठ अब्ज पौंडांहून अधिक निधी मिळाला. २०२४-२५ पर्यंत साथीपूर्वीच्या तुलनेत सुमारे ३० टक्के अधिक नियोजित उपचार करण्याचे आश्वासनही दिले गेले. पहिला टप्पा बव्हंशी गाठला गेला. जानेवारी २०२२ मध्ये दोन वर्षांहून अधिक थांबलेले सुमारे २३ हजार ८०० रुग्ण होते. त्या उन्हाळ्यात त्यांपैकी मोजकेच उरले आणि त्यांतही काहींनी स्वतःहून थांबणे पसंत केले होते. दुसऱ्या टप्प्याची मुदत संपताना सुमारे ११ हजार रुग्ण शिल्लक राहिले. तिसऱ्याची तारीख पुढे सरकवली, तरी तीही चुकली. यादी कमी करण्याचे वचन जानेवारी २०२३ मध्ये देणारे तत्कालीन पंतप्रधान ऋषी सुनक यांनी पुढच्याच वर्षी ते पाळता न आल्याची कबुली दिली.

पैसा होता, योजना होती, तारखा होत्या. मग अडले कोठे? अडले ते बहुतेक वेळा शस्त्रक्रियागृहात नव्हे, तर त्याच्या बाहेरच्या खाटेपाशी. सांधा बदललेल्या रुग्णाला एक-दोन रात्री रुग्णालयात राहावे लागते. इंग्लंडमधील रुग्णालयांच्या खाटा मात्र बहुतांश काळ ९० टक्क्यांहून अधिक भरलेल्या असतात. उपचार संपले, परंतु घरी सांभाळणारे कोणी नाही किंवा शुश्रूषागृहात जागा नाही, अशा कारणाने दररोज सुमारे १२ हजार रुग्ण रुग्णालयातच अडकून पडतात. हिवाळ्यात तातडीचे रुग्ण वाढले की मिळेल ती खाट त्यांना दिली जाते. मग शल्यविशारद, भूलतज्ज्ञ आणि परिचारिका सज्ज असतानाही सकाळी उपाशीपोटी आलेल्या रुग्णाला दुपारी घरी परत पाठवावे लागते. लोकांना तो शस्त्रक्रियेचा तुटवडा वाटतो. असतो मात्र तो वृद्धांच्या देखभालीचा तुटवडा.

त्यात मनुष्यबळाचा असंतोष मिसळला. डिसेंबर २०२२ मध्ये परिचारिका आणि मार्च २०२३ पासून कनिष्ठ डॉक्टर संपावर गेले. महागाईने वेतनाचे मोल घटले आहे, हे त्यांचे म्हणणे निराधार नव्हते. परंतु या संपांमुळे दहा लाखांहून अधिक तपासण्या आणि शस्त्रक्रियांच्या तारखा बदलाव्या लागल्या. साथीच्या काळात टाळ्या वाजवून गौरवलेल्या हातांनाच अनुशेष उपसण्याचे काम सांगितले गेले. ते हात किती थकले आहेत, याचा हिशेब योजनेत पुरेसा धरला गेला नव्हता.

शल्यविशारद लॉर्ड आरा दारझी यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये सादर केलेल्या अहवालातील एक तुलना या संदर्भात बोलकी आहे. २०१९ च्या तुलनेत २०२० मध्ये ब्रिटनमधील खुबा बदलण्याच्या शस्त्रक्रिया ४६ टक्क्यांनी घटल्या. विकसित देशांच्या संघटनेची सरासरी घट होती १३ टक्के. गुडघ्याच्या बाबतीत हे आकडे अनुक्रमे ६८ आणि २० टक्के होते. विषाणू तोच होता. फरक होता तो हाताशी असलेल्या फाजील क्षमतेचा. ज्या देशांत काही खाटा रिकाम्या ठेवण्याची चैन परवडत होती, तिथे करोना आणि सांधेरोपण शेजारी शेजारी नांदू शकले. रिकामी खाट म्हणजे उधळपट्टी, अशी हिशेबनीसांची समजूत असते. संकटात मात्र तीच खाट विम्याचे काम करते.

मग उपाय कोणते लागू पडले? ज्या उपायांनी नियोजित शस्त्रक्रियेला तातडीच्या रुग्णांच्या लोंढ्यापासून वेगळे केले, ते. याचा नमुना साथीपूर्वीच तयार होता. नैऋत्य लंडनमधील काही रुग्णालयांनी मिळून एप्सम येथे २००४ मध्ये केवळ नियोजित अस्थिशस्त्रक्रियांसाठी स्वतंत्र केंद्र उभारले. तिथे अपघात विभाग नाही. त्यामुळे तिथली खाट ऐनवेळी कोणी हिरावून घेत नाही. साथीनंतर अशा केंद्रांचे जाळे वाढवण्यात आले आणि त्यांची संख्या शंभरावर गेली. एकाच प्रकारच्या, कमी गुंतागुंतीच्या शस्त्रक्रिया ओळीने केल्या की वेळ वाचतो, चमूचा हात बसतो आणि बरेच रुग्ण त्याच दिवशी घरी जातात.

मोतीबिंदूचे उदाहरण हेच सांगते. या शस्त्रक्रियेला रात्रीची खाट लागत नाही, अतिदक्षता विभाग लागत नाही, पूर्ण भूलही सहसा लागत नाही. साहजिकच ती इतरांच्या आधी सावरली. इंग्लंडमध्ये त्यासाठी खासगी केंद्रांची मोठी मदत घेतली गेली आणि सरकारी खर्चाने होणाऱ्या मोतीबिंदूच्या निम्म्याहून अधिक शस्त्रक्रिया तिकडे होऊ लागल्या. त्याचीही किंमत आहे. सोपे रुग्ण खासगी केंद्रांकडे गेल्यावर सरकारी रुग्णालयात फक्त अवघड रुग्ण उरतात, आणि नव्या डॉक्टरांनी हात साफ करायचा कोणावर, असा प्रश्न नेत्रतज्ज्ञांच्या संस्थेने उपस्थित केला आहे.

याउलट, काही उपाय यादी कमी करतात. रुग्ण मात्र बरे करत नाहीत. नोंदींची छाननी हा त्यांतला एक. दुबार नावे, अन्यत्र उपचार घेतलेले, मृत्यू पावलेले, अशांची नावे वगळणे आवश्यकच असते. पण ‘तुम्हाला अजून उपचार हवे आहेत का?’ या संदेशाला उत्तर न देणाऱ्याचे नाव कमी झाले, तर आकडा खाली येतो आणि मोबाइल न वापरणारा वृद्ध रांगेबाहेर पडतो. जुलै २०२४ मध्ये सत्तेवर आलेल्या मजूर पक्षाच्या सरकारने मार्च २०२९ पर्यंत पुन्हा ९२ टक्क्यांचे उद्दिष्ट गाठण्याचे ठरवले आहे. २०२५ मध्ये हे प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास होते. हे अंतर कापताना किती घट उपचारांमुळे आणि किती छाननीमुळे झाली, हे वेगळे सांगितले जाते का, यावर त्या यशाची विश्वासार्हता अवलंबून राहील.

इंग्लंडच्या या उणिवा मोजताना एक गोष्ट विसरता येत नाही. त्या मोजता येतात, कारण तिथे यादी आहे. ती दर महिन्याला प्रसिद्ध होते आणि तिच्यावरून पंतप्रधानाला जाब विचारता येतो. महाराष्ट्रात अशी यादी नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेखाली किती शस्त्रक्रिया झाल्या, हे कळते. सरकारी आणि महापालिका रुग्णालयांत किती जण किती महिने थांबले आहेत, हे सांगणारा, नियमितपणे प्रसिद्ध होणारा राज्यव्यापी आकडा मात्र नाही. इथली प्रतीक्षा केसपेपरवर लिहिलेल्या पुढच्या तारखेत असते. ती तारीख टळली की रुग्ण कर्ज काढून खासगी रुग्णालय गाठतो किंवा दुखणे अंगावर काढतो. दोन्ही वेळा तो कोणत्याही अनुशेषात दिसत नाही.

आणि तरीही मार्ग दाखवणारी उदाहरणे इथेही आहेत. मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालयाने २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या कडक टाळेबंदीच्या काळात ४९४ नियोजित कर्करोग शस्त्रक्रिया केल्या आणि त्यांत एकही मृत्यू झाला नाही. सहा रुग्णांना नंतर लागण झाल्याचे आढळले; तेही बरे झाले. कर्करोगासाठीच वाहिलेले रुग्णालय असणे, हा इथे निर्णायक भाग होता. त्याच महिन्यात नायर रुग्णालयासारखे मोठे महापालिका रुग्णालय करोनासाठी राखून ठेवावे लागले होते आणि तिथल्या नेहमीच्या रुग्णांना अन्यत्र जावे लागले होते. देशातील मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियाही २०१९-२० मध्ये ६० लाखांहून अधिक होत्या, त्या २०२०-२१ मध्ये ४० लाखांच्याही खाली घसरल्या. पुढे तीन वर्षांत दोन कोटी ७० लाख शस्त्रक्रियांचे उद्दिष्ट ठेवून राष्ट्रीय मोहीम हाती घेतली गेली आणि २०२२-२३ या एका वर्षात ८० लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. जिथे आकडा समोर होता, उद्दिष्ट ठरले होते आणि काम रुग्णालयातील इतर धावपळीपासून वेगळे करता येत होते, तिथे अनुशेष भरून निघाला. हर्निया, गर्भाशयाच्या गाठी वा झिजलेले सांधे यांच्यासाठी अशी मोहीम झाली नाही. कारण त्यांची मोजदादच झाली नव्हती.

पुढची साथ केव्हा येईल, हे कोणी सांगू शकत नाही. ती आली की पुन्हा एक पत्र निघेल आणि नियोजित शस्त्रक्रिया पुन्हा थांबतील. कदाचित ते योग्यही असेल. प्रश्न त्यानंतरचा आहे. काही खाटा आणि काही चमू केवळ नियोजित शस्त्रक्रियांसाठी राखून ठेवणे, बऱ्या झालेल्या वृद्धांना घरी पाठवण्याची सोय करणे आणि थांबलेल्या प्रत्येकाची नोंद उघडपणे ठेवणे, ही कामे साथ ओसरल्यावर सुरू करून चालत नाहीत. ती आधीच झालेली असावी लागतात. यांपैकी पहिल्या दोन कामांना पैसा लागतो आणि वेळही. तिसऱ्याला यांपैकी फारसे काहीच लागत नाही. केसपेपरवरची तारीख एका वहीत उतरवून ती वही सर्वांना पाहू देण्याची तयारी मात्र लागते.